ते पाणी तंबाखूचं व्हतं

माझं माहेर बेळगुंदी, बेळगावच्या पल्याड, भाताचा मुलूख, आणि सासर ह्ये निपाणी, तंबाखूचं, म्हंजे लहानपण चिखलात गेलं आणि उमर खकाण्यात, तंबाखूच्या धुळीत, आणि ताई, आदीच एक सांगून ठेवते बघा, मी बोलाय लागले की मधी थांबत न्हाय, तुम्हीबी थांबवू नका, आणि त्या मोबाईलात भरून घेताय ते मधनं तोडू नका, का ते पुढं सांगीन, आत्ता नुसतं ध्येनात ठेवा.

नाव तानूबाई. बाप भात पिकवायचा, आम्ही पोरी रोप लावाय जायचो, चौथीपतोर शाळंला गेलते, वाचता येतंय, बस कुठली ती कळती, एवढं बास की. मग निपाणीचं स्थळ आलं, नवरा वखारीत हमाल, अंगानं धडधाकट, बापानं देऊन टाकली. लगीन करून आले आणि दारात माप ओलांडायच्या आदीच मला शिंक आली, एक न्हाय, लागोपाठ, थांबंचना, नाकात तंबाखूचा वास शिरलेला, आणि बाया लागल्या कुजबुजाय, अपशकून झाला म्हणून. सासू माझी खमकी, ती म्हणाली, अपशकून कसला, निपाणीत येऊन शिंकली न्हाय ती सून कसली, आत घ्या तिला. तिनंच मला वखारीत नेली, वरीस व्हायच्या आत.

वखार म्हंजे काय, तुम्ही बेळगावात कॉलेजात शिकवताय, तुम्हास्नी वरवर सांगते. पत्र्याची लांब शेड, वरच्या झरोक्यातनं येतोय तेवढाच उजेड, खाली बाया वळीनं बसलेल्या, म्होरं चाळण, चाळणीत तंबाखू, हलवली की खकाणा उडतोय, त्यो नाकात, घशात, आणि सगळ्यात जास्ती डोळ्यात. तोंडाला फडका बांधून नाक वाचवायचं, डोळ्याला काय बांधणार? सकाळी बसलं की घटकाभरात पाणी सुरू, दुपारपतोर गालावर वघळ पडत्यात, आणि कोण खरं रडतंय आणि कोणाला खकाण्यानं आलंय, ते तितं कुणाला कळायचं न्हाय.

आणि तितला एक रिवाज हाय, ह्यो नीट ऐका. आपलं डोळं आपण पुसायचं न्हाय. हात तंबाखूनं भरलेलं असत्यात, तसाच हात डोळ्याला लागला तर आग आग व्हती, दिवसभर डोळा उघडत न्हाय. हात धुवाय बादलीपाशी जावं तर सगळ्या एकदम उठल्या की मुकादम वरडणार. म्हणून जोडी असती. जोडीतली एक उठायची, हात धुवायची, फडका भिजवून आणायची, आणि आदी दुसरीचं डोळं पुसायची, मग आपलं. पुढच्या खेपंला दुसरीनं उठायचं. माझी जोडीण गंगाक्का. मी वखारीत गेले त्या वर्सापासनं माझी जोडीण.

गंगाक्का हुक्केरीकडची, घरात कन्नड. पहिल्यांदा बसवलं तवा तिला मराठी येत नव्हतं आणि मला कन्नड, दोघी नुसत्या मुंड्या हलवायचो. तिनं पहिल्या दिवशी माझं डोळं पुसलं आणि म्हणाली, अळबेड. मला वाटलं काय शिवी दिली का काय. मग दुसऱ्या बाईनं सांगितलं, अळबेड म्हंजे रडू नको. मी म्हणाले, मी कुटं रडतीया? ती हसली, मी हसले. तवापासनं तोच खेळ, रोज, फडका घेऊन यायची, तोंड करायची मयताला आल्यासारखं, आणि म्हणायची, अळबेड तानव्वा, अळबेड, आणि माझं हसू आवरायचं न्हाय. हसलं की फडका सरकतोय आणि खकाणा तोंडात जातोय, म्हणून ओठ घट्ट मिटून हसू दाबायचं, अंग नुसतं हलायचं. एवढी वर्सं झाली, तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं झालं, माझं कन्नड बाजारापुरतं झालं, तरी तेवढा एक शबूद ती कन्नडमधीच म्हणायची.

माझा मालक वारला तवा दिवसकार्य झाल्यावर मी कामावर आले. वखारीत सगळ्यांचंच डोळं वाहत व्हतं, माझंबी वाहत व्हतं, कुणाला काय वाटलं न्हाय. गंगाक्का फडका घेऊन आली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि त्या दिवशी ती अळबेड म्हणाली न्हाय. नुसतं पुसलं आणि खाली बसली माझ्याजवळ, मुकादम वरडला तरी उठली न्हाय. कसं कळलं तिला, मी कवा इचारलं न्हाय. तिला कळायचं, एवढं मला ठाव व्हतं.

आता त्या पिच्चरचं सांगते, ज्याच्यासाठी तुम्ही आलाय.

मागल्या इलेक्शनच्या आदीची गोष्ट. एक दिवस वखारीच्या दारात गाडी लागली, त्यातनं कॅमेरा, लाईट, दांडकं, पेट्या उतरल्या, आणि एक डायरेक्टर, तरणा माणूस, बोलाय लई गोड, आल्या आल्या माझ्या आणि गंगाक्काच्या पाया पडला. म्हणाला, आजी, तुमच्या कष्टावर पिच्चर काढतोय, जगाला दाखवाय पायजे तुम्ही काय सोसताय ते. आम्हास्नी बरं वाटलं. आम्ही किती वर्सं वरडतोय, वखारीत पंखं बसवा, खकाणा भाईर जाईल असं कायतरी करा, कोण ऐकत न्हाय, म्हणलं आता तरी कोण बघंल. च्या-इडली सगळी बसूच्या गाड्यावरनं आली, बसू म्हंजे बसाप्पा, गंगाक्काचा लेक, तिठ्यावर त्याचा गाडा हाय. पोरगं खूष, म्हणालं, आमच्या आईचा पिच्चर निघणार.

झरोक्यातनं ऊन तिरकं पडतंय, त्यात खकाणा सोन्यासारखा दिसतोय, तितं त्यांनी मला बसवलं. डायरेक्टर कॅमेऱ्यात बघाय लागला आणि म्हणाला, बाप रे, डोळ्याला काय लावायलाबी नको, ह्या तर खरंच रडतात. मी म्हणाले, अरं बाबा रडत न्हाय, ही तंबाखू. तो म्हणाला, व्हय व्हय आजी, तुम्ही नुसतं वर उजेडाकडं बघा. मी बघितलं. तेवढ्यात गंगाक्का फडका घेऊन आली, तिला काय कॅमेऱ्याचं भान, तिनं रोजच्यासारखं पुसलं आणि म्हणाली, अळबेड तानव्वा, आणि मला आलं हसू, एवढ्या शहाण्या लोकांम्होरं हसायचं कसं म्हणून मी ओठ मिटलं, अंग हललं. तो म्हणाला, कट. लई छान. बास, झालं आमचं काम. एवढी मोठी गाडी आणून एवढंच काम कसं झालं, ते मला तवा कळलं न्हाय.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मागच्या शेतात बघाय गेलो. तितं त्यांनी कडब्याचं खोपाट उभं केलेलं, दारात तुळस ठेवली, दांडीवर एक लहान पोराचं झबलं वाळत घातलं, आणि पलीकडं पाण्याचा टँकर उभा केला. मग पोरं गोळा केली, आमच्याच गल्लीतली, हातात पलीतं दिलं, तोंडाला फडकी, आणि म्हणाले, वरडत पळत या आणि पेटवा. त्यात माझा लेक दिलीप. व्हय, माझाच. जेवण मिळणार म्हणून गेलता. तीच पोरं एकदा इकडनं पळाली, मग फेटं बांधून, वाचवाय आल्यासारखी, तिकडनं पळाली, मग नुसतं पायच पळाली, पायाचं फोटू काढलं. खोपाट पेटलं, टँकरनं इझवलं. गंगाक्का म्हणाली, झबलं कुणाचं गं जाळलं, नवं व्हतं. शेवटी ते साहेब आले, इलेक्शनला उभारणारे, त्यांचं शूटिंग. कॅमेरावाला उसाच्या सरीत उताणा झोपला आणि खालनं त्यांचं फोटू काढाय लागला. मी म्हणाले, ह्यो असा का झोपलाय, ऊन लागलं का काय? आता कळतंय. साहेब माझ्या खांद्याला लागत्यात, पडद्यावर ताडाएवढं दिसलं.

मग काही दिवसांनी बाजाराच्या मैदानात पिच्चर लावला. एवढा पांढरा पडदा, म्होरं खुर्च्या, आम्हा वखारीतल्या बायांना मानाच्या खुर्च्या, मी आणि गंगाक्का शेजारी शेजारी. नवं लुगडं नेसून आलती ती.

पिच्चरात वखार न्हाय. तंबाखूचं नाव न्हाय. पहिल्यांदा दाखवलं ते हिरवं शेत, एक आई पोराला झोका देती, मागं बासरी. मग अंधार. मग पाय पळताना, नुसतं पाय, ढोल, मग पलीतं, मग कन्नडमधी वरडल्याचा आवाज. ताई, मी तितं हुभी व्हते, आमची पोरं मराठीत वरडत व्हती, एकमेकाला शिव्या देत व्हती, हसत व्हती. तो आवाज मागनं घातलेला. मग खोपाट पेटलं, झबलं पेटलं, आणि झबल्यावरनं एकदम माझं तोंड.

एवढं मोठं तोंड. सगळ्या पडद्यावर माझंच तोंड, सुरकुत्यासुदिक मोजाव्यात. माझं लुगडं त्या दिवशी निळंशार व्हतं, पडद्यावर राखंच्या रंगाचं. तोंडावर पाणी वघळतंय, लई सावकाश, एकेक थेंब. मी हसू दाबलं व्हतं न्हवं, ते सावकाश केल्यावर हुंदका दिसतोय. ओठ थरथरत्यात, खांदं हलत्यात, कोण म्हणंल ही बाई हसती हाय? सगळा आवाज बंद केलता. ढोल बंद, बासरी बंद, कायच न्हाय. आणि मग एका बाईचा आवाज, पुण्याकडचा असंल, शुद्ध, म्हणती, माझं घर त्यांनी जाळलं, माझा गुन्हा एवढाच की माझी भाषा मराठी. तोंड माझं आणि बोलणारी ती. आणि मग एकदम सगळे ढोल एकावेळी, आणि धुरातनं साहेब आले.

आता मी तुम्हास्नी जे सांगणार ते मला आजपतोर पचलं न्हाय. मला सगळं ठाव व्हतं. खोपाट कुणी बांधलं, कुणी पेटवलं, मी कशानं हसले, सगळं. तरी त्या पडद्यावरच्या बाईकडं बघून मी रडले. खरी रडले, हुंदकं देऊन, की काय गं बाई तुझं झालं हे, तुझं घर गेलं, तुझं लेकरू गेलं. मीच ती, आणि मलाच माझी कीव आली. मग ज्यास्नी काय ठाव न्हाय, त्या पोरांचं काय झालं असंल? उठून उभारली सगळी, मुठी आवळल्या, घोषणा सुरू. आणि मी डोळं पुसून शेजारी बघितलं तर गंगाक्काची खुर्ची रिकामी. ती कवा उठून गेली मला कळलं न्हाय.

त्या पडद्यावर एक गोष्ट मात्र तिची राहिलीया. बारीक बघितलं तर कळतंय. त्यांनी तिला कापली, तिचं तोंड न्हाय, बोलणं न्हाय, पण माझ्या गालाच्या कडंला एक हात येतोय, हिरव्या बांगड्या, ओला फडका, आणि लगीच जातोय. बघणाऱ्यास्नी वाटत असंल, माझाच हात. जी माणसं घर जाळत्यात म्हणून दाखवली, त्यांच्यातल्या बाईचा हात माझं डोळं पुसतोय, त्याच पिच्चरात, आणि कुणाला दिसत न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसूच्या गाड्यावरच्या कन्नड पाटीला काळं फासलेलं. गाडा उलटा पाडलेला, इडलीचं पीठ रस्त्यावर, कुत्री खात्यात. ज्या गाड्यावरचा च्या पिऊन त्यांनी पिच्चर काढला त्योच गाडा. मी घरी येऊन दिलीपला धरलं, म्हणलं, तू हुतास का? तो म्हणाला, मी नव्हतो, पण आई, तू रडलीस ते बघून पोरांचं रक्त तापलं, त्यात त्यांचं काय चुकलं. मी म्हणाले, अरं मुडद्या, माझं घर जाळणारा पडद्यावर तूच हाईस की, उजवीकडनं तिसरा, फडका बांधलेला, तुझ्या पायातली चप्पलसुदिक मी वळखली. त्यावर काय म्हणाला म्हायती हाय? म्हणाला, ते नाटक गं, ती माणसं कशी हाईत हे दाखवाय आम्ही उभारलो. म्हणलं, कशी हाईत रं? तू लहान हुतास तवा मला गोवर निघाला तर तुला पाजलंय कुणी? म्हणतोय, गंगाक्का येगळी, बाकीचे येगळे. म्हणलं, बाकीचे कोण? एकाचं नाव सांग. मग राग आला, दार आपटून गेला. एकाच घरात राहतोय, आता जेवायपुरतं बोलतोय.

मग मी वखारीत गेले. गंगाक्का बसलेली, चाळण हलवत, मान खाली. मी तिच्याजवळ बसले, म्हणलं, बसूचं कळलं. घटकाभरानं डोळं वाहाय लागलं, तिचंबी माझंबी, आणि उठायची पाळी तिची व्हती. ती उठली न्हाय. मीच उठले, हात धुतलं, फडका भिजवला, तिचं डोळं पुसाय गेले तर तिनं माझा हात धरला, आणि मला इचारलं, तानव्वा, खरं सांग, त्या दिवशी तू खरंच रडत व्हतीस का?

काय सांगू तुम्हास्नी. मी म्हणाले, अगं, तूच पुसलंस की. तूच म्हणालीस अळबेड, मी हसले, तुझ्या म्होरं हसले. मालक मेल्यावरचं रडणं जिनं वळखलं ती मला इचारती, खरंच रडत व्हतीस का. ती म्हणाली, मलाबी ठाव हाय तू हसत व्हतीस, पण पिच्चर बघितल्यापासनं मला डोळं मिटलं की तुझं ते तोंड दिसतंय, ते खरं वाटतंय, आणि आपलं खोटं वाटतंय, मला वाटाय लागलंय तुझ्या मनात आमच्याबद्दल कायतरी असंल, एवढी वर्सं दाबून ठेवलं असंल, ते कॅमेऱ्यानं काढलं. मी म्हणाले, देवाशपथ न्हाय. ती म्हणाली, व्हय. पण तिनं माझा हात सोडला तो सोडलाच.

मग मी साहेबांच्या ऑफिसात गेले. साहेब भेटले न्हाईत, त्यांचा एक माणूस व्हता, इस्त्रीचे कपडे, मोठ्या मानानं बसवलं, च्या मागवला. मी म्हणाले, माझं तोंड काढा त्यातनं. तो म्हणाला, आजी, आता ते तोंड तुमचं एकटीचं राहिलं न्हाय, सगळ्या मराठी माणसाचं झालंय. म्हणलं, माझं तोंड माझं न्हाय मग कुणाचं, आणि माझं घर जळलं न्हाय. तो म्हणाला, तुमचं नसंल, पण असं कुटंतरी झालंच असंल की. म्हणलं, कुटं? गाव सांगा. तो म्हणाला, आजी, भावना समजून घ्या. ताई, मला मराठी आवडती. माझी शाळा मराठी, माझी वोवी मराठी, ऑफिसात कन्नड कागद पुढं टाकला की मलाबी राग येतोय, तो राग खोटा न्हाय. पण त्या रागासाठी गंगाक्का कशाला लागती? कागद तिनं छापलाय का? असं मी म्हणाले, तर त्यानं घड्याळात बघितलं.

मग एक मोबाईलवाला आला, म्हणाला, आजी, मी बातम्या करतोय, तुमचं म्हणणं लोकांम्होरं मांडतो. मी मनापासनं सांगितलं. मी म्हणाले, माझं घर त्यांनी जाळलं, असं मी कवा कुणाला सांगितलं न्हाय, ते पाणी तंबाखूचं व्हतं. दोन दिवसांनी माझी नात मोबाईल घेऊन आली, त्यात मी, आणि मी म्हणतीया, माझं घर त्यांनी जाळलं. आणि बास. तितंच तोडलं. मागं तीच बासरी. म्हणून मी तुम्हास्नी सुरवातीलाच म्हणाले, मी मधी थांबत न्हाय, जितं श्वास घ्यावा तितं ही माणसं कापत्यात.

चौकात जाऊन सांगितलं, तर लोक म्हणाले, आजीवर दबाव आलाय. बघा, आता खरं बोलणंबी दबाव. पाया पडत्यात माझ्या, आई म्हणत्यात, गणपतीच्या मांडवात आरतीला बोलवत्यात, पण माझं ऐकत एकबी न्हाय. त्यास्नी पडद्यावरची पायजे, ती बोलत न्हाय न्हवं. आणि नुसता आमच्याच बाजूचा दोष काढू नका, तिकडनंबी असलाच पिच्चर निघाला, बसूनं दाखवला मला, त्यात एक म्हातारी रडती, कन्नड बोलती, मागं तसलीच बासरी. मी म्हणाले, बसू, ही बाई कशानं रडत असंल रं? तो म्हणाला, मावशी, मिरचीच्या गोदामातली असंल. एवढ्या रागातबी हसलो दोघं. पाटी त्यानं आता लावलीच न्हाय, नुसता गाडा, बिननावाचा.

साहेब आले निवडून. येऊ द्यात, कोण तरी येणारच, माझं त्यावर काय म्हणणं न्हाय. पण माझ्या डोळ्यातलं पाणी सगळ्या जिल्ह्यानं बघितलं, लाखानं लोकांनी बघितलं असंल, आणि ते कशानं आलं हे एकानं, एकानंबी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर वखारीत पंखा आला असता. पंखा आजूनबी न्हाय. ह्येचा मला संताप येतोय, ताई, रातनदिस येतोय, आणि तो कुणावर काढायचा ते कळत न्हाय. पडद्यावर धोंडा मारावा तर तितं माझंच तोंड.

आता वखारी कमी झाल्या, आमची चालू हाय. गंगाक्का यती कामाला. भांडण न्हाय आमचं, दिसली की मान हलवती, पहिल्या वर्सासारखी. मुकादमाला सांगून तिनं जागा बदलून घेतली, त्या टोकाला बसती, मी ह्या टोकाला. मला नवी जोडीण दिलीया, तरणी पोर, हाताची हलकी, डोळं चांगलं पुसती. पण गप पुसती. परवा तिनं फडका लावला आणि माझ्या तोंडातनंच गेलं, म्हण की गं. ती म्हणाली, काय म्हणू? मी म्हणाले, काय न्हाय, पूस तू.

झालं बघा, एवढंच. तुम्ही लांबनं आलाय, एवढा येळ मधी न बोलता ऐकलंय, देव तुमचं भलं करो, लेकीबाळी सुखात राहोत. च्या घेऊन जावा. न्हाय न्हाय, फोटू नको. पुस्तकात लागतोय म्हणताय तर मग असा हितं घरात माझा एकटीचा काढू नका. उद्या वखारीत या. दारात उभं राहा, आत येऊ नका, जवळ येऊ नका. मी ह्या टोकाला असंन, ती त्या टोकाला असंल, दोघींचंबी डोळं वाहत असतील. दोघी मावतील असा लांबनं काढा.